कडधान्यांची घरगुती साठवण आणि वापर (नांदेड व लातूर)

कडधान्यांची घरगुती साठवण आणि वापर यात वाळलेले कडधान्य निवडणे, उन्हात वाळवणे, किडीपासून राखणे, भरडून डाळ करणे, भिजवणे, मोड आणणे आणि शिजवणे या कामांचा समावेश होतो. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तूर, हरभरा, मूग, उडीद, मटकी आणि हुलगा ही कडधान्ये घरोघरी वापरली जातात. पावसावर अवलंबून असलेल्या या भागात वर्षाचे कडधान्य घरात असणे हा कुटुंबाच्या आहाराचा आणि खर्चाचाही आधार मानला जातो.

वाळलेले अख्खे कडधान्य हे जिवंत बी असते. त्यातील पाणी कमी केले की ते निद्रिस्त राहते व टिकते. पाणी परत मिळाले की ते फुगते, मोडावते आणि शिजण्याजोगे होते. साठवणीच्या बहुतेक रीती पाणी बाहेर ठेवण्यासाठी, तर स्वयंपाकाच्या बहुतेक रीती ते दाण्यात पुन्हा पोहोचवण्यासाठी आहेत.

पार्श्वभूमी

शेंगवर्गीय पिकांच्या वाळलेल्या अख्ख्या दाण्यांना कडधान्य आणि साल काढून दोन भाग केलेल्या दाण्यांना डाळ म्हणतात. कडधान्यांच्या १०० ग्रॅम वाळलेल्या दाण्यांत साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत ते भरपूर असते. कडधान्यांत कमी असणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले तृणधान्यांतून मिळतात. त्यामुळे भाकरी आणि वरण हे मराठवाड्यातील नित्याचे जेवण पोषणाच्या दृष्टीनेही परस्परपूरक ठरते.

लातूर हे तूर व तूरडाळीच्या व्यापाराचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. लातूर आणि उदगीर येथे डाळमिलचा व्यवसाय मोठा आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र असून कडधान्यांवरील कामासाठी ते ओळखले जाते. पांढऱ्या दाण्याची बीडीएन-७११ आणि लाल दाण्याची बीएसएमआर-७३६ हे मराठवाड्यात परिचित असलेले तुरीचे वाण याच केंद्राशी निगडित आहेत.

घरातील साठ्याचे महत्त्व टंचाईच्या काळात अधिक जाणवते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये देशातील अनेक शहरांत तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला होता. वर्षाची तूर भरून ठेवलेल्या कुटुंबाला अशा भाववाढीची झळ कमी बसते; पण साठ्याला भुंगेरा लागला तर हाच आधार पावसाळा संपण्याच्या आत नाहीसा होतो.

हंगाम आणि निवड

मूग व उडीद ही खरिपातील लवकर येणारी पिके असून ती श्रावण-भाद्रपदात काढणीस येतात. काढणीच्या वेळी पाऊस झाला तर शेंगा भिजून दाणे डागाळतात आणि असा माल साठवणीत टिकत नाही. तूर मार्गशीर्षापासून पुढे, साधारण डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीपर्यंत घरात येते. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तूर आणि हरभरा यांच्यामागे लगेच उन्हाळा येत असल्याने त्यांना वाळवणीचे दिवस पुरेसे मिळतात. मूग-उडदाच्या वाट्याला मात्र ओलसर हवा येते. त्यामुळे हीच दोन कडधान्ये घरात अधिक काळजीने सांभाळावी लागतात.

साठवणीपूर्वी धान्य सुपात पाखडून फोलपटे, काडीकचरा व पोचट दाणे काढतात आणि चाळणीने माती व बारीक खडे वेगळे करतात. फुटके, सुरकुतलेले, बुरशी आलेले आणि भोके पडलेले दाणे हाताने निवडले जातात. बुरशीचे दाणे जनावरांच्या चाऱ्यातही मिसळू नयेत, कारण काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

वाळवणे

कडधान्याच्या सुरक्षित साठवणीसाठी त्यातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे ८ ते १० टक्के असावे लागते. घरात त्याची पारख दाताने होते. पुरेसा वाळलेला दाणा दाताखाली कटकन तुटतो. ओल असलेला दाणा दबतो किंवा चिवट लागतो. धान्य गच्चीवर वा अंगणात ताडपत्रीवर पातळ थर करून तीन-चार दिवस कडक उन्हात पसरतात, अधूनमधून हाताने वरखाली करतात आणि दव पडण्याआधी गोळा करतात.

उन्हामुळे दाण्यातील पाणी कमी होते, तसेच दाण्याच्या आतील कीडही मरते. दाण्याचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे तासभर राहिल्यास भुंगेऱ्याची अंडी व अळ्या जगत नाहीत. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. काळ्या कापडावर किंवा प्लॅस्टिकवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिकने झाकलेले धान्य त्याहून बरेच अधिक तापते. वाळवलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच भरावे लागते. गरम धान्य बंद डब्यात भरल्यास आतल्या बाजूस पाणी धरते व बुरशी येते.

साठवण

पारंपरिक साधने

मराठवाड्यातील जुन्या घरांत धान्य ठेवण्याची अनेक साधने होती. बांबू वा तुराट्यांची विणलेली आणि शेण-मातीने लिंपलेली कणगी, जमिनीत खोदलेले पेव आणि घराच्या बांधकामातच सोडलेले बळद ही मोठ्या साठ्याची साधने होत. पेवात व बळदात मुख्यतः ज्वारी भरली जाई. कडधान्ये प्रमाणाने कमी असल्याने ती रांजणात, मडक्यांत किंवा एकावर एक रचलेल्या गाडग्यांच्या उतरंडीत ठेवत. तोंडावर झाकण ठेवून ते शेण-मातीने बंद केले जाई. घट्ट बंद केलेल्या मडक्यात हवा मर्यादित राही आणि बाहेरून नवी कीड शिरत नसे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील जाड दगड-मातीच्या भिंतींची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. पुनर्वसनात बांधलेल्या घरांची रचना वेगळी होती. बळदासारखी घराच्या पोटातील साठवण नव्या बांधकामांत राहिली नाही. आता या भागात पत्र्याच्या कोठ्या, स्टीलचे डबे आणि घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पिंपे प्रचलित आहेत.

भुंगेरा

साठवलेल्या कडधान्याचे सर्वाधिक नुकसान कॅलोसोब्रुकस या प्रजातीतील भुंगेरे करतात. घरगुती बोलीत त्यांना भुंगे, सोंडे किंवा नुसते किडे असेही म्हणतात. यांची लागण अनेकदा शेतातच होते. मादी पक्व शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी चिकटवते. दाण्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे ही अंडी असतात. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि आतला गर खाते. पूर्ण वाढ झालेला भुंगेरा दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येतो. उष्ण व दमट हवेत हे चक्र साधारण एका महिन्यात पूर्ण होते. प्रौढ भुंगेरा साठ्यातील दाणे खात नाही आणि थोडेच दिवस जगतो, परंतु तेवढ्या काळात एक मादी अनेक दाण्यांवर अंडी घालते.

यामुळे वरून स्वच्छ दिसणारे धान्य आतून किडलेले असू शकते, आणि पहिले भोक दिसेपर्यंत पुढच्या पिढीची अंडी घातली गेलेली असतात. मूग, चवळी, हरभरा व तूर यांना हा धोका अधिक असतो. भुंगेरे अख्ख्या दाण्याला पसंती देतात, त्यामुळे भरडलेल्या डाळीला त्यांचा उपद्रव कमी होतो. हंगामातच तूर भरडून डाळ करून ठेवण्याच्या रीतीमागे हेही एक कारण आहे.

कीड रोखण्याचे घरगुती उपाय

तेल लावणे: किलोमागे ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल किंवा एरंडेल तेल दाण्यांना हाताने चोळले जाते. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यांना हवा मिळत नाही. सर्व दाण्यांना तेल सारखे लागणे आवश्यक असते.

राख: गोवऱ्यांची चाळलेली, पूर्ण थंड राख धान्यात मिसळतात. दाण्यांमधील पोकळी भरल्याने भुंगेऱ्यांची हालचाल अडते आणि राखेच्या कणांनी त्यांच्या अंगावरील संरक्षक थर खरवडला जाऊन ते कोरडे पडतात. हा उपाय मुख्यतः बियाण्यासाठी राखलेल्या मूग-उडदाला व तुरीला वापरतात.

कडुलिंबाचा पाला: सावलीत वाळवलेला पाला थराथराने घालतात. ओला पाला घातल्यास धान्याला ओल लागते. केवळ पाल्यावर विसंबता येत नाही. वाळवण व हवाबंद भांडे यांच्या जोडीनेच त्याचा उपयोग होतो.

हवाबंद साठवण: घट्ट बंद भांड्यात कीटक व दाणे यांच्या श्वसनामुळे प्राणवायू कमी होतो आणि किडीची वाढ थांबते. याच तत्त्वावरील अनेक पदरी हवाबंद पिशव्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चवळीच्या साठवणीसाठी विकसित झाल्या. अशा भांड्यात धान्य काठोकाठ भरणे आणि ते वारंवार न उघडणे महत्त्वाचे असते. रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा ठेवतात.

गोठवणे: शहरी घरांत एक-दोन किलो कडधान्य फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवल्यास आतील कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता धान्य खोलीच्या तापमानाला येऊ देतात, म्हणजे दाण्यांवर दव धरत नाही.

घातक उपाय

धान्यात ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही वस्तू आरोग्यास अपायकारक आहेत. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो. राहत्या घरात अशी गोळी ठेवल्यास शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचाही मृत्यू ओढवू शकतो. भारतात या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालील धुरीकरणापुरता मर्यादित आहे. पारा असलेल्या गोळ्याही काही घरांत धान्यात टाकल्या जातात. त्यांतून पाऱ्याची वाफ सुटते व गोळी फुटल्यास पारा अन्नात मिसळतो. कडधान्याला बोरिक पावडर चोळण्याची सवयही महाराष्ट्रात आढळते. बोरिक आम्ल अन्नाचे परिरक्षक म्हणून वापरण्यास भारतीय अन्न नियमांत परवानगी नाही.

डाळ करणे

हरभऱ्याची साल सहज सुटते. तूर, मूग आणि उडीद यांची साल मात्र डिंकासारख्या थराने दाण्याला घट्ट चिकटलेली असते आणि ती सैल केल्याशिवाय डाळ नीट पडत नाही. घरी याच्या दोन पद्धती आहेत. ओल्या पद्धतीत तूर काही तास भिजवून निथळतात, काही ठिकाणी तिला लाल मातीचे पाणी लावतात, रात्रभर ढीग करून झाकून ठेवतात आणि मग अनेक दिवस उन्हात खडखडीत वाळवतात. कोरड्या पद्धतीत तूर जात्यावर हलकेच फिरवून सालीला ओरखडे पाडतात, तिला तेलाचा हात लावून ऊन देतात, नंतर पाण्याचा हबका मारून पुन्हा वाळवतात. ओल्या पद्धतीची डाळ शिजण्यास काहीसा अधिक वेळ घेते.

वाळलेली तूर जात्यावर भरडली जाते. भरडून पडलेला माल सुपात पाखडला की साल वेगळी होते आणि चाळणीने डाळ, कणी व चुनी अलग होतात. चुनी व साल जनावरांना घालतात. हे सर्व काम परंपरेने स्त्रियांनी केले आहे. जात्यावरच्या ओव्यांची मौखिक परंपरा याच श्रमांतून वाढली. विजेवर चालणाऱ्या लहान यंत्रांनी, विशेषतः अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळमिलने, अनेक गावांत भरडण्याचे कष्ट कमी केले आहेत. महिला बचत गटही अशा यंत्रांवर डाळ तयार करून विकतात.

भिजवणे आणि मोड आणणे

अख्खे कडधान्य दोन-तीन पाण्यांनी धुऊन त्याच्या तिप्पट पाण्यात भिजवतात. पूर्ण भिजलेल्या दाण्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेले धान्य सकाळी आंबूस होऊ शकते, म्हणून पाणी एकदा बदलतात किंवा भिजवण्याचा वेळ कमी करतात. भिजवलेले पाणी टाकून दिल्यास पोटात वायू धरण्यास कारण होणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा काही प्रमाणात निघून जातात. त्याबरोबर थोडी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात.

काही दाणे कितीही भिजवले तरी फुगत नाहीत. अशा दगडासारख्या दाण्याला गणंग म्हणतात. त्याची साल पाणी आत शिरू देत नाही. मोड आलेल्या मटकीतून वा मुगातून गणंग वेचून काढणे हे निवडण्याचेच पुढचे काम असते.

मोड आणण्यासाठी सहा ते आठ तास भिजवलेली मटकी किंवा मूग निथळून ओलसर फडक्यात बांधतात. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात. थंडीत २४ तास किंवा अधिक लागतात. मोड येताना दाण्यातील फायटेट घटते, त्यामुळे लोह व जस्त शरीराला अधिक मिळते, आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी व्यक्तींना मोड वाफवूनच देणे योग्य ठरते.

शिजवणे

पुढील वेळा अंदाजे असून धान्याचे वय, वाण आणि पाणी यांनुसार त्यांत फरक पडतो. कुकरची वेळ वाफ धरल्यानंतर मंद आचेवरची आहे.

| कडधान्य | भिजवणे | कुकरमध्ये |
|---|---|---|
| अख्खा हरभरा | ८–१२ तास | २०–२५ मिनिटे |
| अख्खी तूर | ८–१० तास | १५–२० मिनिटे |
| हुलगा | ८–१२ तास | २५–३० मिनिटे |
| मूग | ६–८ तास | ८–१० मिनिटे |
| चवळी | ४–६ तास | १०–१२ मिनिटे |
| तूरडाळ | अर्धा तास | ८–१० मिनिटे |
| हरभराडाळ | १–२ तास | १२–१५ मिनिटे |

डाळ न शिजण्याची कारणे बहुधा पाण्यात, आंबटात किंवा साठवणीत असतात. मराठवाड्याच्या काळ्या बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार असतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील हे क्षार दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनशी बांधले जातात आणि दाणा मऊ पडत नाही. म्हणून जड पाण्यात न शिजणारी तूरडाळ साठवलेल्या पावसाच्या पाण्यात लवकर शिजते. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचे आम्लही पेक्टिन विरघळू देत नाही, त्यामुळे आंबट वरणात चिंचेचा कोळ डाळ शिजून घोटल्यानंतर घालतात. उष्ण व दमट जागी दीर्घकाळ राहिलेले जुने धान्य कायमचे कठीण होते आणि त्याला दुप्पट वेळही पुरत नाही.

भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यास त्यातील सोडिअम कॅल्शिअमची जागा घेते व साल मऊ होते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने दाणा लवकर शिजतो, परंतु सोडा जास्त झाल्यास थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते आणि चव साबणासारखी लागते. डाळ शिजताना हळद व थोडे तेल घालतात; तेलामुळे फेस उतू जात नाही.

बालाघाटच्या पठारावरील लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. त्यामुळे वेळ, इंधन आणि पाणी या तिन्हींची बचत होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये या बचतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

प्रादेशिक पदार्थ

तूरडाळीचे साधे व आंबट वरण आणि त्यात कणकेचे तुकडे शिजवून केलेली वरणफळे किंवा चकोल्या हे रोजचे पदार्थ आहेत. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आणि माडगे थंडीत व आजारपणात करतात. अख्खे दाणे शिजवून केलेल्या घुगऱ्या बारशाच्या प्रसंगी वाटल्या जातात. पुरणासाठी हरभराडाळ शिजवल्यावर उरलेले पाणी फेकले जात नाही. त्याची येळवणी, म्हणजेच कटाची आमटी होते.

येसर हा मराठवाड्याचा खास पदार्थ होय. धान्ये, हरभराडाळ व मसाले भाजून दळलेले हे पीठ अनेक महिने टिकते आणि लग्नकार्यात त्याची आमटी होते. उन्हाळ्यात डाळी भिजवून, वाटून घातलेले सांडगे भाजीटंचाईच्या दिवसांत उपयोगी पडतात. भाजणे आणि वाळवणे या दोन्ही क्रियांत पाणी काढूनच पदार्थ टिकवला जातो.

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागांत वेळ अमावस्या, बोलीभाषेत येळवस, शेतात साजरी होते. तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे व बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील हे त्या दिवसाचे जेवण. ओल्या दाण्यांचा हा सण झाल्यावर काही आठवड्यांतच तूर वाळून काढणीस येते आणि साठवणीचे काम सुरू होते.

सुरक्षितता

अलीकडे शहरी घरांत वापर वाढलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन असते. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब होतात. तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळल्यावरच शिजवावा लागतो. नुसत्या मंद आचेवर हे लेक्टिन पूर्णपणे नष्ट होत नाही. या भागात मोठ्या प्रमाणावर पिकणारे सोयाबीनही कच्चे खाण्याजोगे नसते, कारण त्यातील ट्रिप्सिनरोधक द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात.

शिजवलेले वरण व उसळ उन्हाळ्यात लवकर आंबते. दोन तासांच्या आत ते थंड करून फ्रीजमध्ये ठेवणे आणि पुन्हा वापरताना उकळी आणणे सुरक्षित असते. शिजवलेला हरभरा किंवा राजमा पाण्यासह फ्रीजरमध्ये दोन ते तीन महिने राहतो.

बदलते स्वरूप

गेल्या काही दशकांत लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीनचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले. सोयाबीन विक्रीसाठी पिकवले जाते आणि घरच्या जेवणात थेट येत नाही. त्यामुळे मूग, उडीद, मटकी व हुलगा यांसारखी घरापुरती घेतली जाणारी पिके मागे पडली आणि अनेक शेतकरी कुटुंबे डाळ विकत घेऊ लागली. त्यासोबत घरचे बियाणे राखणे, भुंगेऱ्याची अंडी ओळखणे व दाण्याची ओल दाताने पारखणे ही कौशल्येही कमी होत गेली.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन म्हणून पाळला जातो. मराठवाड्यात हा दिवस नवी तूर बाजारात येण्याच्या हंगामातच येतो.

हे सुद्धा पाहा

तूर
हरभरा
हुलगा
येसर
वेळ अमावस्या
लातूर जिल्हा
नांदेड जिल्हा